चाफेगल्लीचा नऊ नंबरचा शर्ट

रविवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. कोल्हापूर. चाफेगल्ली तालमीचा हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, नुकताच उकरून झालेला. दुपारी चार वाजता फुटबॉलची फायनल.

"देणार की नाही?"

"काय?"

"माझा शर्ट."

वस्ताद रंगराव इंगवले यांनी फावडं भिंतीला टेकवलं. वय अठ्ठ्याहत्तर. कान दोन्ही मोडलेले. एका जमान्यात सकाळी कुस्ती आणि संध्याकाळी अनवाणी फुटबॉल खेळलेला माणूस.

"कुणाचा म्हणालास?"

विचारणारा दारातच थांबला. जुरांदीर. ब्राझीलचा. फॉरवर्ड. वय सदतीस. अंगात गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जाकीट, खांद्यावर फुगलेली निळी पिशवी. गोव्यात चार सीझन काढल्यानं कोकणी बरी यायची, आणि त्या कोकणीच्या खांद्यावर पाय देऊन तो मराठीत चढायचा. पेठेला त्याचं नाव काही जमलं नाही. पहिल्याच आठवड्यात बायकांनी त्याचं 'जयराम' करून टाकलं, आणि तोही मुकाट हाकेला ओ द्यायला लागला.

चाफेगल्लीची एक रीत आहे. सामन्याच्या सकाळी अकरा शर्ट मारुतीच्या पायाशी ठेवायचे. वस्तादांनी एकेकाचं नाव घेऊन ते हातात द्यायचे. ज्याला दिला तो खेळणार. ज्याला दिला नाही तो बघणार. यात मंडळ, मालक, मंत्री, कुणाचं काही चालत नाही.

आज मारुतीच्या पायाशी दहाच शर्ट होते.

अकरावा, पाठीवर नऊ आकडा असलेला, नवा कोरा, वरच्या कोनाड्यात वेगळा ठेवला होता.

कारण गुरुवारी घडलं. सेमी फायनल, चाफेगल्ली विरुद्ध बुरूजपेठ. जुरांदीरनं दोन गोल मारले. बुरूजपेठेच्या गोलकीपरनं त्याचे आणखी पाच अडवले, त्यातला एक बोटांच्या टोकावर. शिट्टी वाजली. जुरांदीर सरळ त्या गोलकीपरकडे चालत गेला, अंगातला शर्ट काढला आणि त्याच्या हातात ठेवला. गोलकीपरनं स्वतःचा काढून याला दिला.

जगात याला मान म्हणतात.

कोल्हापुरात तालमीचा शर्ट दुसऱ्या पेठेच्या हातात देणं म्हणजे देवळाचा कळस उतरवून शेजाऱ्याला देण्यासारखं.

शुक्रवारी सकाळी चाफेगल्लीचा तो पिवळा-काळा शर्ट बुरूजपेठेच्या चौकात बांबूला टांगलेला दिसला. मग विचारायलाच नको. गावातला प्रत्येक चहाचा कट्टा न्यायाधीश झाला. ज्यांनी उभ्या जन्मात चेंडूला पाय लावला नाही ते इमान म्हणजे काय ते सांगायला लागले. एका वर्तमानपत्रानं मथळा दिला, 'परदेशी खेळाडूचा माज'. माज! सदतिसाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यानं, नव्वद मिनिटं पळून ज्यानं तुम्हाला फायनलला नेलं, त्याचा माज!

"आत ये," वस्ताद म्हणाले. "दारात उभा ऱ्हाऊन मागत्यात ते भिकारी."

जुरांदीरनं बूट काढले. हौद्याच्या कडेची चिमूटभर माती कपाळाला लावली. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. इतर लावतात म्हणून तो पहिल्या दिवसापासून लावत होता.

"वस्ताद, मी कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही."

"व्हय. सांग."

त्यानं तोंडानं सांगितलं नाही. पिशवीची चेन ओढली आणि हौद्याच्या कट्ट्यावर एकेक शर्ट मांडायला लागला. हात सावकाश चालत होते, जसे एखाद्या बाईचे लग्नातल्या साड्या दाखवताना चालतात.

"हा सायप्रस. त्यांचा बचावातला स्टॉपर. माझा दात यानंच पाडला. नंतर दवाखान्यात भेटायला आला, तेव्हा हा दिला."

"बरं."

"हा रोमानिया. बर्फात खेळलो. हा ओमान. हा व्हिएतनाम. त्यांच्या कॅप्टनची ती शेवटची मॅच. मी गोल मारला, आम्ही जिंकलो. तो रडला, पण शर्ट दिला."

"हा?"

"बांगलादेश. हा पोर्तुगाल. हा पण पोर्तुगाल. हे तीन गोव्याचे."

कट्टा भरला. मग त्यानं खाली सतरंजीवर मांडले. निळे, हिरवे, पांढरे, एक विटून गुलाबी झालेला लाल. ब्राझीलच्या उत्तरेला नदीकाठच्या एका गावात, जिथं पूर ओसरला की गोलपोस्टचे खांब पुन्हा रोवावे लागत, तिथून हा माणूस एकोणिसाव्या वर्षी निघाला होता. नऊ देश, चौदा क्लब, दोनशे अकरा गोल. कुठल्याही क्लबनं त्याला दोन वर्षांच्या वर ठेवलं नाही. आणि तो असताना कुठल्याही क्लबचं वर्ष वाईट गेलं नाही. पहिलं वाक्य सगळे छापतात. दुसरं कुणी छापत नाही.

"एकतीस," जुरांदीर म्हणाला. मान ताठ होती. "एकतीस माणसांनी स्वतःच्या अंगातला काढून मला दिला. वाईट खेळणाऱ्याचा मी कधी घेतला नाही. आणि वाईट खेळणाऱ्याला कधी दिला नाही."

वस्ताद उकिडवे बसले. सायप्रसचा शर्ट उचलला. नाकाशी नेला.

"धुतला न्हाईस."

"कधीच नाही. धुतला तर माणूस जातो."

वस्तादांनी मान डोलावली. ते त्यांना पटलेलं दिसलं. हौद्यातली माती त्यांनीही कधी बदलली नव्हती. ताक, हळद, तेल घालून तीच मुरवत आणली होती, आज्यापासून.

मग त्यांनी सगळ्या शर्टांवरून एकदा नजर फिरवली. सावकाश. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"यात तुझा कंचा?"

...

जुरांदीरनं रिकाम्या पिशवीकडे बघितलं. अठरा वर्षं ही पिशवी त्यानं विमानात कधी मालाच्या डब्यात टाकली नव्हती. मांडीवर घेऊन प्रवास केला होता. आणि हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानं स्वतःलाही नाही.

"माझे... त्यांच्याकडे."

"सगळे?"

"सगळे."

"त्यांनी ठेवल्यात?"

"ठेवले आहेत."

"बघायला गेलतास?"

"ना."

"मग कशावरनं?"

...

"मी ठेवले," जुरांदीर म्हणाला. "म्हणून."

वस्तादांनी हातातल्या शर्टाची घडी केली, बाही आत, कॉलर वर, आणि परत जागेवर ठेवली.

तेवढ्यात पायऱ्या वाजल्या. मंडळाचे अध्यक्ष उत्तम सरनोबत आले. हातात कागद. तीन दिवसांत माणूस पार उतरला होता. पेठेनं त्यांना घरात जेवू दिलं नव्हतं.

"वस्ताद, आलाय का जयराम? बरं झालं. पत्र तयार हाय." त्यांनी कागद पुढं केला. "दोन वळी. 'माझी चूक झाली, पेठेची माफी मागतो.' आठ वाजता चौकात स्पीकरवर वाचू दे, तिथंच त्याला शर्ट देऊ, विषय संपला. पोरं लई तापल्यात हो."

"मी वाचणार नाही," जुरांदीर म्हणाला.

"अरं भावा, दोन वळी हायत. मराठी येत नसली तर मी वाचतो, तू नुसता हात जोडून उभा ऱ्हा."

"हात जोडणार नाही."

"मग खेळणार कसा?"

"नाही खेळणार."

हे बोलताना त्याचा आवाज चढला नाही. पण कोनाड्याकडे त्याची नजर गेली आणि लगेच परत आली. हा त्याचा शेवटचा सीझन होता. गुडघ्याचं त्यानं डॉक्टरकडून ऐकलं होतं. आज चार वाजता तो खेळला नाही, तर यापुढे कधीच, कुठंच खेळणार नव्हता.

"तो गोली चांगला होता," तो म्हणाला. "चांगल्याला चांगलं म्हटलं. त्याची माफी मागू? मग या एकतीस जणांना काय सांगू?"

"एकतीस जण आज मैदानात येणार न्हाईत!" सरनोबत ओरडले. "पेठ येणार हाय! आमचा शर्ट बांबूवर टांगलाय त्यांनी. आमची इज्जत टांगलीय. बघितलास का तू?"

"त्यांनी टांगला. मी नाही."

"वस्ताद, तुम्हीच सांगा आता याला."

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात देऊन, दोन टप्प्यांत. अंगातला सदरा काढून खुंटीला अडकवला आणि हौद्यात उतरले.

"ये खाली."

"कित्याक?" जुरांदीरनं विचारलं. का म्हणून? घाईत त्याच्या तोंडून कोकणीच निघायची.

"ये. आन् ते जाकीट काढ. मातीत कपड्यानं येत न्हाईत."

जुरांदीर जरा थांबला. चेन खाली ओढली. जाकीट कट्ट्यावर ठेवलं. उघड्या अंगानं मातीत उतरला आणि म्हाताऱ्यासमोर उभा राहिला. माती थंड होती, लोण्यासारखी.

वस्तादांनी वाकून ओंजळभर माती घेतली. त्याच्या उजव्या खांद्याला लावली. मग डाव्या. मग छातीला.

"आता तू."

जुरांदीरनं माती उचलली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या खांद्यांना हलक्या हातानं लावली.

"असं न्हवं. कुस्ती धरायची हाय माझ्याशी. दाबून लाव."

त्यानं दाबून लावली.

सरनोबत वर उभे राहून बघत होते. ते याच हौद्यात वाढलेले. कुस्तीच्या आधी समोरच्याच्या अंगाला आपल्या हातानं माती लावायची, मग तो कुठल्या का तालमीचा असेना, ही सलामी त्यांनी शेकडो वेळा दिली होती, शेकडो वेळा घेतली होती. त्यांच्या हातातला कागद खाली आला.

"उत्तम."

"जी."

"बुरूजपेठेचा पैलवान हितं आला तर त्याला कंची माती लावशील?"

"...आपलीच."

"आन् जाताना खरवडून घेशील?"

सरनोबतांनी कागदाची घडी करून ती मुठीत धरली.

"बांबू बुरूजपेठेचा हाय," वस्ताद म्हणाले. "त्यांचं त्यांनी बघावं. वळ रं जयराम. पाठीला लावतो."

जुरांदीर वळला नाही.

"पाठ राहू दे, वस्ताद."

"वळ."

तो वळला.

डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली पांढरी पट्टी होती. तिच्या भोवती वीतभर निळंकाळं. पट्टीची एक कड सुटली होती आणि आतले टाके दिसत होते. चार.

वस्तादांचा मातीचा हात हवेतच राहिला.

"ह्ये काय?"

"काही नाही."

"जयराम..."

"दगड."

"कवा?"

"शर्ट दिला तेव्हा. अंग उघडं होतं. लगेच जाकीट घातलं."

"बुरूजपेठवाले!" सरनोबत वरून गरजले. "बघितलं वस्ताद? शर्ट घेत्यात आन् वर दगड घालत्यात! आत्ता जातो आन्..."

"थांब," वस्ताद म्हणाले. "गोली कुठं उभा हुता?"

जुरांदीरनं समोर हात केला. "इथं. माझ्या पुढं."

"आन् बुरूजपेठ?"

"त्याच्या मागं. पश्चिमेला."

"म्हंजे तुज्या तोंडासमोर."

"व्हय."

"आन् दगड पाठीत."

...

मैदानाच्या पूर्वेच्या पायऱ्यांवर कोण बसतं ते कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सरनोबतांना तर होतंच. तिथं पिवळ्या-काळ्या झेंड्याशिवाय दुसरा झेंडा कधी फडकलेला नाही.

त्यांचा हात कठड्यावर टेकला.

"बोलला का न्हाईस?" वस्तादांनी विचारलं.

"मी तक्रार करायला आलो नाही. खेळायला आलो."

"गुरुवारपास्नं जाकीट घालून फिरतोयस. उन्हात."

"तुमची पेठ आहे. लोक म्हणाले असते, कोल्हापूरचे लोक असे." त्यानं खांदा उडवायला घेतला, दुखला, तसाच खाली सोडला. "तसे नाहीत. मला रोज कुणीतरी जेवायला बोलावतं."

वस्तादांनी सुटलेली पट्टी बोटाच्या मागच्या बाजूनं, माती लागू न देता, जागेवर दाबली. हौद्यातून वर आले. रांजणावर हात धुतले, पुसले. कोनाड्यातला शर्ट काढला. मारुतीच्या पायाला लावला.

"जुरांदीर."

पेठेत त्याचं नाव कुणी असं, पुरतं, पहिल्यांदाच घेतलं.

त्यानं दोन्ही हात पुढं केले. शर्ट घेतला. आकडा वर येईल असा छातीशी धरला.

"वस्ताद, आधीच सांगतो," तो म्हणाला. "आजचा गोली चांगला निघाला तर हाही देईन."

"दे की. पर आधी त्याला गोल मार. वाईट खेळणाऱ्याचा शर्ट त्यो तरी कशाला ठेवंल?"

जुरांदीर हसला. पडलेल्या दाताची जागा दिसली. त्यानं एकतीस शर्ट एकेक करून पिशवीत भरले. नवा मात्र पिशवीत टाकला नाही. हातातच धरून, मातीनं माखलेल्या उघड्या अंगानं, ताठ मानेनं तो भर पेठेतून निघून गेला. पाठ झाकली नाही.

दूधवाला सायकलवरून उतरला. नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या.

सरनोबतांनी हातातल्या कागदाकडे बघितलं.

"आठ वाजता स्पीकर लावायला सांगितलाय," ते म्हणाले. "पेठ जमणार. आता काय वाचू, वस्ताद?"

वस्ताद सदऱ्याची बटणं लावत होते. सगळ्यात वरचं लावून झाल्यावर बोलले.

"वाच, की दगड पूर्वेच्या पायऱ्यांवरनं आला. तीन दिस झालं. आजून कोण पुढं आलेलं न्हाई."