कुरणवाडीच्या दूध संघात लाइट आली त्याची गोष्ट

नदीकाठच्या कुरणवाडी गावात एक भोळा वायरमन होता. वायरमन म्हणजे वायर धरून उभा राहणारा. नाव यसबा, वय बेचाळीस. खरा वायरमन त्याच्या बहिणीचा नवरा, सर्जेराव दाजी. बहिणीनं बजावलं होतं, "माझ्या भावाला कामावर न्यायचं, नाहीतर डबा मिळायचा नाही." दाजींना डबा प्यारा होता. झालं!

त्या साली पुराचं पाणी दूध संघाच्या कचेरीत शिरलं. टेबलं बुडाली, फायली बुडाल्या, विजेचे सगळे बोर्ड बुडाले. पाणी ओसरल्यावर चेअरमन आबासाहेबांनी दाजींना बोलावलं.

"सर्जेराव, शनिवारी सभा आहे. अकरा वाजता मी बटण दाबणार. लाइट लागली तर संघाचं काम कायमचं तुमचं. नाही लागली तर निंबगावच्या वायरमनचं."

दाजींचा जीव टांगणीला लागला. निंबगावच्या वायरमनचं नुसतं नाव काढलं तरी त्यांना जेवण जात नसे.

सोमवारी दाजींनी यसबाला पहिला धडा दिला. "नीट ऐक. पाणी शिरलेली वस्तू दिसली की उघडायची, गच्चीवर न्यायची आणि दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवायची. ओल आहे तोवर फ्यूज लावायचा नाही. मी मागितला तरी द्यायचा नाही. ओलीवर लाइट सोडली की माणूस मेलाच म्हणून समज!"

"बरं दाजी."

यसबानं बटणं वाळवली, होल्डर वाळवले. मग त्याला कोपऱ्यात एक वस्तू दिसली. आत पाणीच पाणी! त्यानं झाकण काढलं, पाणी ओतून दिलं आणि वस्तू गच्चीवर पालथी घातली. तो हेडक्लार्क मुजुमदारांचा पिण्याचा माठ होता. दुपारी मुजुमदार कोरड्या घशानं कचेरीभर ओरडत फिरले.

"पाव्हणं," दाजी म्हणाले. दाजी चिडले की यसबाला पाव्हणं म्हणायचे. "असा दिसेल त्याला हात लावायचा नसतो. आधी विचारायचं. हो म्हटलं तरच हात लावायचा."

"असं होय? बरं दाजी."

मंगळवारी दाजी शिडीवर चढून छताला वायर ठोकत होते. यसबा खाली उभा. ओल्या फरशीवर शिडी सरकायला लागली.

"दाजी," यसबानं अदबीनं विचारलं, "शिडी धरू का?"

"अरे ध..." दाजी म्हणाले आणि खाली आले.

कंबर चोळत त्यांनी पुढचा धडा दिला. "पडणाऱ्याला कुणी विचारतं का रे? पडताना दिसला की दोन्ही हातांनी घट्ट धरायचं! मी सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही!"

"तसं आधी सांगायचं ना. बरं दाजी."

बुधवारी दाजी वायर आणायला तालुक्याला गेले. इकडे मुजुमदार खुर्चीवर बसायला वाकले. यसबानं पाहिलं, माणूस पडतोय! धावत जाऊन त्यानं काखेत हात घालून त्यांना धरलं. मुजुमदार ना बसलेले, ना उभे.

"सोड मला!"

"तुम्ही म्हणून उपयोग नाही. दाजींनी म्हणायला पाहिजे."

दाजी चार वाजता आले. तोवर मुजुमदारांनी तशाच अवस्थेत दोन अर्जांवर सह्या करून टाकल्या होत्या.

"पाव्हणं," दाजींनी हात जोडले, "जित्या माणसाला असं धरू नये. उद्या कुणी शॉक लागून बोर्डाला चिकटला तर त्यालाही धरशील आणि दोघंही जाल. चिकटलेला माणूस दिसला तर आधी मेन बंद. फ्यूज काढून आपल्या खिशात. मग कोरड्या लाकडानं त्याला ढकलून लांब उडवायचं. मगच हात लावायचा. कळलं?"

"कळलं! बरं दाजी."

शनिवार उजाडला. दाजी दोन रात्री झोपले नव्हते, पण काम चोख झालं होतं. हॉलमध्ये गाव जमलं. दिवे उठून दिसावेत म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. जेवणासाठी पत्र्याच्या मोठ्या टबात मठ्ठा केला होता. अकराच्या ठोक्याला आबासाहेबांनी बटण दाबलं आणि सगळे दिवे लखकन लागले. टाळ्या! दाजींच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"सर्जेराव, काम तुमचं!" आबासाहेब म्हणाले.

तेवढ्यात फोटोवाला पुढे आला. "साहेब, बोट बटणावरच ठेवा. दात दिसू द्या. आता अजिबात हलू नका."

यसबा बाहेर पेले विसळत होता, तो नेमका आता आत आला. बघतो तर काय! आबासाहेबांचं बोट बोर्डाला. डोळे वटारलेले, दात बाहेर, माणूस हलेना की डुलेना.

"चिकटले!" यसबा किंचाळला.

धावत जाऊन त्यानं मेन बंद केला. फ्यूज काढून खिशात घातला. मग लाकूड शोधलं. मठ्ठ्याची रवी दिसली, पण ती ओली. ठेवली. कळकाची शिडी दिसली. हात फिरवून पाहिला, कोरडी! शिडी आडवी धरून तो असा काही सुटला की आबासाहेब जे उडाले ते थेट मठ्ठ्याच्या टबात.

आबासाहेब उठून बसले. मिशीला कोथिंबीर लागली होती.

"सर्जेराव! एका मिनिटात लाइट लागली नाही तर काम निंबगावला!"

दाजी पांढरेफटक पडले. "यसबा, फ्यूज दे! लवकर दे बाबा!"

यसबानं खिसा घट्ट धरला. "नाही दाजी. ओल आहे तोवर तुम्ही मागितला तरी द्यायचा नाही."

"कुठाय ओल? सगळं खडखडीत वाळलंय!"

"बघा की!" यसबानं टबाकडे बोट दाखवलं. आबासाहेब टपटप गळत होते.

मग त्यानं सगळे धडे नीट आठवले. मेन बंद आहे, म्हणजे हात लावायला हरकत नाही. पण आधी विचारायचं.

"चेअरमनसाहेब, उघडू का?"

"दिवे लाव आधी!" आबासाहेब गरजले. "आणि हो, त्या खिडक्या उघड, नीट दिसत नाही!"

यसबाला त्यातलं 'हो' पुरलं. त्यानं आबासाहेबांना खांद्यावर टाकलं आणि जिना चढला. दाजी मागे धावले, पण मठ्ठ्यावरून घसरून तिथंच बसले.

थोड्या वेळानं गच्चीवरून आबासाहेबांचं धोतर खाली आलं. मागोमाग कोट, मग टोपी. मग आबासाहेबांचा आवाज आला, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा. "कुणीतरी निंबगावला जा रे! त्या वायरमनला घेऊन या!"

दाजींनी डोक्याला हात लावला. एवढ्यात कठड्यावरून यसबाचा हसरा चेहरा डोकावला.

"दाजी, पुढून चांगले वाळलेत. आता पालथे घालू का?"