सुदामची जर्सी

माझा दादा सुदाम गोलकीपर होता. खडकीच्या आमच्या हॉकी क्लबने त्याला दुसऱ्या क्लबला देऊन बदल्यात दोन फॉरवर्ड घेतले, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आज सकाळी दादा वारला, आणि दुपारी तेच लोक आमच्या दारात म्हणत होते, "ते दोघं नुसते पळतात. गोल कोण अडवणार? सुदामला सोडायलाच नको होतं."

अध्यक्ष रावसाहेब क्लबची जर्सी घेऊन आले. मोठ्यानं म्हणाले, "ती अदलाबदल चुकली. आजपासून सुदाम पुन्हा आपला!" आणि जर्सी दादाच्या अंगावर घालायला वाकले.

मी त्यांचा हात धरला. "थांबा रावसाहेब. दादा परत खेळायला आला, तेव्हा तुम्ही त्याला फाटकातूनच घालवलं. म्हणालात, आधी त्या क्लबचं ना-हरकत पत्र आण. नियम तुमचाच आहे. आता दादा जिथं गेलाय, तिथलं ना-हरकत पत्र तुम्ही आणा. मग घाला जर्सी."

रावसाहेबांनी जर्सी काखेत धरली. मागून कोणीतरी पुटपुटलं, "अडवला!"

हे दादाला लगेच सांगावं म्हणून मी वळलो, तर त्याला उचलायला चौघं वाकले होते.