आवडाईचा सोनटक्का

देवीच्या देवळावर कौलं नव्हती, गवताचं छप्पर होतं, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पोटात एक खळगा होता. वर फणस-आंब्यांची अशी दाटी, की ऊन खाली उतरायला भ्यायचं. खाली बारमाही चिखल. आवडाई गुरवीण विधवा झाली, तेव्हा दिरांनी तिच्या वाट्याला हा खळगा टाकला. न्याय म्हणे!

त्यात गुरवांच्या घरची रीत अशी, की ज्याचा जमिनीत वाटा, त्याने घटस्थापनेला त्याच जमिनीतलं फूल देवीला वाहायचं. फूल नाही, तर वाटा नाही.

धाकटा दीर सदबा हसून म्हणाला, "वैनी, तिथं बेडूक पाळा. निदान गातील तरी!"

"गायला लागले की तुम्हांला नाचायला बोलवीन, भावजी," आवडाई म्हणाली.

तिने ओढ्याकाठचे सोनटक्क्याचे गड्डे आणून लावले. पण बाई मुलखाची अस्वस्थ. आज लावायची, उद्या उपसून बघायची, मूळ धरलं का म्हणून. निम्मे गड्डे कुजले, उरलेल्यांना कोंब फुटेना. आषाढ आला तरी खळग्यात नुसता चिखल.

शेजारची म्हातारी जनाक्का खवळली. "पाळण्यातलं पोर घटकेघटकेला उचललंस, तर झोपेल का ते?"

"मग या हातांचं करू काय?"

"बांध! पाय मोकळे आहेत ना? चाल."

आवडाईने केळीच्या सोपाने, खोडाच्या ओल्या सालीने, हात पाठीमागे बांधून घेतले आणि खळग्याभोवती चालायला लागली. ती थांबलीच नाही, असं म्हणतात. पावसात चालली, विजांत चालली. जनाक्का धापा टाकत शेजारून चालायची आणि पेज भरवायची. "भवाने, घास गिळायला तरी उभी राहा!" पण वाटा गेला तर डोक्यावरचं छप्पर जाणार, हे आवडाईला कुठे उभं राहू देतंय?

चालून चालून वाट खचली. आधी घोटा बुडाला, मग गुडघा. खळग्यातलं साचलेलं पाणी त्या वाटेत उतरलं आणि खालच्या अंगाने फुटून ओढ्याला मिळालं. असं म्हणतात, की त्याच रात्री कोंब फुटले आणि उजाडेपर्यंत पुरुषभर वाढले. कोणाला खोटं वाटत असेल, तर त्याने तो पाट बघून यावा. कुदळीचा घाव नाही त्याला.

घटस्थापनेला खळगा पांढराशुभ्र झाला. वास देवळापर्यंत. सदबाने स्वतः तिचे हात सोडले आणि मान खाली घालून म्हणाला, "वैनी, जमीन तुमची. आता तरी बसा."

आवडाईने देवीला फूल वाहिलं, पदरात गड्डे बांधले आणि म्हणाली, "बसवत नाही, भावजी." ओढ्याच्या काठाने ती जी निघाली, ती कोणाला परत दिसली नाही. पुढच्या पावसाळ्यात मात्र खाडीपर्यंत, जिथे ओल आणि सावली, तिथे सोनटक्का डोलत होता. ती अजून चालतेच आहे, असं म्हणतात. मीही म्हणते.

गड्डे लावायच्या दिवशी आमच्या बाया अजून हात मागे बांधून पाटातून एक फेरी घालतात आणि एकमेकींना चालता चालता पेज भरवतात. कपडे भिजतात, हसू आवरत नाही. आणि गावात एखादी पोर एका जागी ठरत नसेल, तर तिला कोणी गप्प बस म्हणत नाही. तिच्या ओंजळीत गड्डा देतात आणि सांगतात, "जा, सावलीतली ओल शोध."