मुंगीनं सावड बोलावली

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं. एक वाडी होती. डोंगराच्या पायाशी, बारकी, दगडधोंड्यांची. वाडीत होती बालवाडी. बालवाडीच्या पायरीखाली राहायची एक मुंगी.

मुंगी एवढीशी होती. तोंड मात्र एवढंसं नव्हतं.

बालवाडीत रोज खिचडी शिजायची. पोरं पायरीवर बसून जेवायची. जेवताना एक शीत खाली पडायचं. शीत म्हणजे शिजलेल्या तांदळाचा दाणा. ते शीत मुंगीचं. ठरलेलंच होतं तसं.

एक दिवस मुंगी बाहेर आली. बघते तर दाराला कडी. पोरं नाहीत. खिचडी नाही. शीत नाही.

मुंगीचं पोट म्हणालं, गुर्र.

"माझं शीत कुणी अडवलं? विचारायलाच पाहिजे."

तुरुतुरु, तुरुतुरु, मुंगी निघाली.

सगुणाबाई बालवाडीत शिकवायच्या. त्या आपल्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. मुंगी ओट्यावर चढली.

"बाई, बाई, बालवाडी उघडा ना.
मला माझं शीत मिळेना."

बाई म्हणाल्या, "खिचडी शिजली की उघडीन. उपाशी पोरांना गाणी शिकवू होय? मावशीला जाऊन विचार."

तुरुतुरु, तुरुतुरु, मुंगी निघाली.

बायजामावशी खिचडी शिजवायची. तिची चूल थंड. पातेलं पालथं. मुंगी पातेल्यावर चढली.

"मावशी, मावशी, खिचडी शिजव ना.
बाई बालवाडी उघडीनात,
मला माझं शीत मिळेना."

मावशी म्हणाली, "विहिरीनं पाणी दिलं की शिजवीन. पाण्याशिवाय काय खडे शिजवू? विहिरीला जाऊन विचार."

तुरुतुरु, तुरुतुरु, मुंगी निघाली.

विहीर वाडीच्या खाली होती. खोल खोल. मुंगीनं काठावरून वाकून पाहिलं. पडली नाही. मुंग्यांचे पाय घट्ट असतात.

"विहिरी, विहिरी, पाणी दे ना.
मावशी खिचडी शिजवीना,
बाई बालवाडी उघडीनात,
मला माझं शीत मिळेना."

विहीर खालून बोलली. आवाज घोगरा, चिखलानं भरलेला. "डुबुक. पाणी आहे गं माझ्यात, पण गाळाखाली दबलंय. गाळ काढला की देईन. फावडंवाल्या दादाला जाऊन विचार."

तुरुतुरु, तुरुतुरु, मुंगी निघाली.

रखमाजीदादा फावड्याला टेकून उभा होता. फावडं तयार, दादाही तयार. पण दोघंही उभेच. मुंगी फावड्यावर चढली.

"दादा, दादा, गाळ काढ ना.
विहीर पाणी देईना,
मावशी खिचडी शिजवीना,
बाई बालवाडी उघडीनात,
मला माझं शीत मिळेना."

दादा म्हणाला, "सावड जमली की काढीन. मी खाली खणीन, पण वर गाळाच्या पाट्या ओढायला माणसं नकोत? काकू अजून आली नाही, काकूला जाऊन विचार."

सावड म्हणजे काय, ठाऊक आहे? आज सगळे तुझ्या कामाला. उद्या सगळे माझ्या कामाला. वाडीत कुणी एकटं राबत नाही. सावडीची हाक घरोघर फिरते. हाक आली की माणूस उठतं. हाक नाही तर माणूस नाही. रीतच आहे तशी.

तुरुतुरु, तुरुतुरु, मुंगी निघाली.

यमुनाकाकू दारात उभी होती. एक पोर कडेवर, एक पदराला. कडेवरचं रडत होतं, पदराचं भाकरी मागत होतं. मुंगी उंबऱ्यावर चढली.

"काकू, काकू, सावडीला ये ना.
दादा गाळ काढीना,
विहीर पाणी देईना,
मावशी खिचडी शिजवीना,
बाई बालवाडी उघडीनात,
मला माझं शीत मिळेना."

काकू म्हणाली, "हाक आली होती मला. पण लेकरं कुणापाशी ठेवू? विहिरीच्या काठावर नेऊ? सगळ्या आयांचं हेच झालंय. बालवाडी उघडली की येईन."

मुंगी निघाली. आणि थांबली.

काकूला बालवाडी पाहिजे. बालवाडीला खिचडी पाहिजे. खिचडीला पाणी पाहिजे. पाण्याला गाळ निघायला पाहिजे. गाळाला सावड पाहिजे. सावडीला काकू पाहिजे. आणि काकूला पुन्हा बालवाडी पाहिजे.

गोल गोल, घाण्याच्या बैलासारखं.

मुंगी रडली का? अजिबात नाही. मुंग्यांना रडायला वेळ नसतो. ती म्हणाली, "लेकरं सांभाळणारं कुणीतरी असेलच वाडीत. बघू तरी."

तुरुतुरु, तुरुतुरु, मुंगी शेवटच्या घरी आली.

तिथं ठकूआजी वाल सोलत होती. कटक, कटक. पाठ वाकलेली, नजर ताठ. मुंगी तिच्या सुपावर चढली.

"कोण गं तू, मिरीएवढी?"

"मिरी तिखट असते, आजी."

आजी हसली. मुंगी म्हणाली,

"आजी, आजी, लेकरं सांभाळ ना.
काकू सावडीला येईना,
दादा गाळ काढीना,
विहीर पाणी देईना,
मावशी खिचडी शिजवीना,
बाई बालवाडी उघडीनात,
मला माझं शीत मिळेना."

आजीचं हसू गेलं. ती म्हणाली, दरवर्षी सावडीची हाक तिच्या घरी यायची. यंदा आली नाही. म्हातारीला पाटी उचलत नाही, म्हणून लोक तिचं घर सोडून पुढं गेले. जसं काही सावडीत पाटीशिवाय दुसरं कामच नसतं.

"हाक येईल तर उठीन," आजी म्हणाली. "नाहीतर इथंच बसीन. वाल सोलीन."

कटक, कटक.

"हाक कुणी मारायची असते, आजी?"

"ज्याचं काम अडलंय, त्यानं."

मुंगीनं विचार केला. शीत कुणाचं अडलंय? माझं. मग हाक कुणाची? माझीच.

ती सुपाच्या कडेवर उभी राहिली. छाती फुगवली. होती तेवढी फुगवली. आणि म्हणाली,

"ठकूआजी होऽ, सावडीला चला होऽ."

"जरा मोठ्यानं."

"मी मुंगी आहे, आजी. एवढाच आवाज आहे."

"असू दे," आजी म्हणाली. "आली ऐकू."

आणि आजी उठली. पदर खोचला, सूप बाजूला ठेवलं. घरोघर जाऊन तिनं सगळ्या आयांना सांगितलं, पोरं माझ्या अंगणात सोडा.

मग काय झालं?

आजीनं लेकरं सांभाळली. रडणारं पोर मांडीवर घेतलं, बाकीच्यांना वाल सोलायला बसवलं. कटक, कटक.

काकू सावडीला आली. तिच्यामागून सगळ्या आया आल्या. सावड जमली.

दादानं गाळ काढला. खच, खच. पाट्या वर आल्या. लचक, लचक.

विहिरीनं पाणी दिलं. झुळुझुळु, झुळुझुळु.

मावशीनं खिचडी शिजवली. रटरट, रटरट.

बाईंनी बालवाडी उघडली. खाडकन.

पोरं धावली. ठकूआजीसुद्धा आली, काठी टेकत, ठक, ठक. सगळी पायरीवर बसली. पोरांना भूक होती अशी, की ताटल्या चाटून पुसून साफ. बोटंसुद्धा साफ.

शीत काही पडलं नाही. एकही नाही.

मुंगी पायरीवर आली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पोट म्हणालं, गुर्र. मग ती सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

"हाक माझी होती. तुमची पोरं जेवली, तुमचं पाणी आलं. आता माझी सावड फेडा."

दादानं डोकं खाजवलं.

ठकूआजी म्हणाली, "खरं बोलते ती. हाक मारील त्याची फेड करायची. मुंगी असो की माणूस."

तिनं आपल्या ताटलीतलं एक शीत उचललं. मोठं, मऊ, हळदीनं पिवळं. पायरीवर ठेवलं.

तेवढ्यात पदराचं पोर उठलं. ते पळत मावशीकडे गेलं, परत आलं आणि त्यानंही एक शीत ठेवलं. मग दुसरं पोर उठलं. मग तिसरं.

मुंगी म्हणाली, "पुरे. माझं एकच होतं."

तिनं एकच शीत उचललं. ते तिच्याहून मोठं होतं. म्हणून तुरुतुरु नाही, डुलत डुलत, डुलत डुलत गेली.

उरलेली शितं चिमण्यांनी खाल्ली.

मुंगीचं शीत वारुळात, माझी गोष्ट तुमच्या पदरात.