सात शनिवारांचा शेंदूर

वैशाख निम्मा सरला असताना निवांतनाथ महाराज माणदेशातल्या आसूदरे गावी आले आणि मारुतीच्या देवळासमोरच्या कडुलिंबाखाली त्यांनी घोंगडी अंथरली. एका गावात पाच दिवसांवर मुक्काम करायचा नाही, असा त्यांचा नेम. आसूदऱ्यात मात्र ते तीन आठवडे राहिले. गावाने कारण विचारले तेव्हा महाराज म्हणाले, "सावली बरी आहे." लोकांना ते पटले. एका माणसाला पटले नाही. तो माणूस म्हणजे गावचे नरसिंगराव देशमुख.

देशमुखांना त्या दिवसांत काहीच पटत नव्हते. त्याचे मूळ एका अंगठीत होते.

आसूदऱ्याचा मारुती जागृत. दर शनिवारी गुरवाने त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, आणि वर्षातून एकदा, चैत्री पौर्णिमेला, देशमुखांनी स्वतःच्या हाताने बोटभर जाडीचा शेंदूर चढवायचा, असा मान चालत आला होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या शेंदराने देवाचे नाक-डोळे बुजून गेले होते. उजव्या खांद्यावर, मागे हात जाईल एवढी खोबण असलेला, एक उंचवटा तेवढा दिसे. तो देवाचा उगारलेला हात, असे देशमुख पाहुण्यांना अभिमानाने सांगत. "आमचा मारुती मारता आहे. कुणापुढे हात जोडणारा नव्हे."

त्या वर्षी पौर्णिमेला देशमुखांनी देवाला शेंदूर चढवला. सटवाजी गुरव परात धरून शेजारी उभा होता. घरी येऊन देशमुख जेवायला बसले, आणि पहिला घास घेताना बोटाकडे पाहतात तो वडिलांच्या हातातली पुष्कराजाची अंगठी नाही. शेंदूर लावण्याआधी ती काढून गाभाऱ्यातल्या कोनाड्यात ठेवायची, ही त्यांची वीस वर्षांची सवय. ते तसेच उठले आणि देवळात गेले. कोनाडा रिकामा होता. देवळात सटवाजी एकटाच, फरशी पुसत होता.

"सटवा, अंगठी कुठाय?"

"कंची अंगठी, मालक?"

"कोनाड्यात ठेवली होती ती."

"ठेवताना म्या न्हाई बगितलं, मालक."

हे उत्तर देशमुखांच्या मनात कुसळासारखे रुतले. हा 'घेतली नाही' म्हणत नाही, 'बघितलं नाही' म्हणतो. त्यांची थोरली बहीण, जिला सारा गाव आक्का म्हणे, तिने एकदा सांगून पाहिले, "अरे, माघात तू तापाने झिजलास. अंगठी बोटात फिरत होती. पडली असेल वाटेत."

"आक्का, मी ती काढून ठेवली. माझ्या हातांनी ठेवली. मला आठवतंय."

"वीस वर्षं ठेवतोस. त्यातली कुठली आठवते तुला?"

देशमुख चिडून उठून गेले.

पंचांनी देशमुखांच्या तोंडाकडे पाहूनच निवाडा दिला. सात शनिवारांची मुदत. तेवढ्यात अंगठी सापडली तर ठीक. नाहीतर सातव्या शनिवारी सटवाने शेवटचा शेंदूर लावायचा आणि रविवारी सकाळी साऱ्या गावादेखत घंटा देवापुढे ठेवून गाव सोडायचे. सटवाजीच्या घराण्याने त्या देवाला अंघोळ घातल्याशिवाय कधी पाणी प्यायले नव्हते. त्याला देवळातून काढायचे म्हणजे जेवत्याच्या पुढचे ताट ओढण्यासारखे होते. पण तो पंचांपुढे एवढेच बोलला, "देवाला ठावं हाय."

'देवाला ठाऊक आहे म्हणतो,' देशमुखांनी मनाशी नोंदले, 'म्हणजे ठाऊक असण्यासारखं काहीतरी आहे.'

अशा वेळी महाराज आले. कडुलिंबाखाली माणसे जमू लागली. देशमुखांना वाटले, हा बैरागी नेमका याच देवळासमोर का उतरला? सटवा त्याला रोज भाकरी नेऊन देतो ती कशापायी? एके सकाळी ते तिथे गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले,

"महाराज, तुम्हाला म्हणे लोकांच्या मनातलं कळतं. मग सांगा की आमची अंगठी कुठं आहे."

महाराज म्हणाले, "मला एवढंच कळतं की तुम्हाला महिनाभर झोप नाही."

"ते गावातलं कुणीही सांगेल."

"मग माझ्यापर्यंत कशाला आलात?"

बसलेल्यांपैकी दोघे-तिघे हसले. ते कोण हे देशमुखांनी नीट पाहून ठेवले. मग म्हणाले, "चोराच्या भाकरीवर जगणाऱ्याने थट्टा करू नये."

महाराजांचा चेहरा पालटला नाही. "भाकरी बाजरीची आहे," ते म्हणाले, "चोरीची असती तर गव्हाची तरी असती. बसा, सावली आहे."

देशमुख बसले नाहीत. त्या दिवसापासून मात्र त्यांनी दोघांवर पाळत ठेवली. सटवाजी कुठे जातो, त्याची बायको राहीबाई कुणाशी बोलते, महाराज घोंगडीखाली काय ठेवतात. राहीबाईच्या हातात नव्या बांगड्या दिसल्या तेव्हा त्यांनी कासाराला बोलावून विचारले. त्या काचेच्या होत्या. तरीही देशमुखांना कासाराची मान जरा जास्तच वेगाने हललीशी वाटली. संशयाचे असेच असते. त्याला खायला घालावे लागत नाही, तो पाहणाऱ्याचे डोळे खाऊन वाढतो.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी देशमुख देवळाच्या मागच्या भिंतीला लागून उभे होते. सावलीच्या निमित्ताने ते तिथे थांबले होते, असे पुढे त्यांनीच सांगितले. भिंतीपलीकडे सटवाजी आणि महाराज बोलत होते. देशमुखांनी श्वास रोखला. आज बिंग बाहेर येणार.

"महाराज, मला संगं न्या," सटवाजी म्हणत होता. "भगवं द्या. हितं तोंड दाखवाय जागा न्हाई ऱ्हायली."

"म्हणजे तुला तोंड लपवायला भगवं हवं. त्याला पटक्याचं टोकही पुरतं."

"थट्टा नगा करू."

"थट्टा नाही, सटवा. चिडून घर सोडणारा घर पाठीवर घेऊनच हिंडतो. सोडायचं असतं ते निराळंच. जिवावर एकावर एक बसत जातं. नाव बसतं, जात बसते, मान बसतो. तुझ्यावर आता 'चोर' हा शब्द बसला. आत जो आहे त्याला त्यातलं काहीच चिकटत नाही. हे कळलं की मग माणूस घरात राहिला काय आणि रानात राहिला काय."

 मग सटवाजीचा आवाज आला, "चिकटत नसंल, महाराज. पण लागतंय. राहीला पाणवठ्यावर बाया बाजूला सारत्यात. ती घागर रिकामी घिऊन येती."

 देशमुखांना वाटले, आता बैरागी सापडला पेचात. पण महाराज म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला होता, "लागतं खरं. माझंच बोलणं कोरडं झालं. तू एवढं कर, शनिवार चुकवू नको. देवाचं ज्याने धरलं त्याचं देव धरतो."

'शनिवार चुकवू नको.' देशमुखांनी हे शब्द घोळवत घर गाठले. आक्का दळत होती. तिला ते म्हणाले, "शनिवारी काहीतरी बेत आहे. अंगठी गुपचूप कुठंतरी आणून ठेवतील आणि चमत्कार म्हणून बोंब मारतील."

आक्काने जात्याचा खुंटा सोडला. "मग बरंच झालं. अंगठी तर मिळेल."

"मला फसवून मिळालेली नको."

"नरसू," ती म्हणाली, "तुला अंगठी हवी आहे की चोर?"

 सातव्या शनिवारी पहाटेच देशमुख देवळात जाऊन बसले. सटवाजीने नेहमीसारखी अंघोळ घातली, शेंदूर कालवला आणि लावला.  देशमुख त्याच्या हातांवरून नजर हलवीत नव्हते. काम झाल्यावर त्यांनी सटवाजीला बाहेर काढले, कोनाडा चाचपला, समईखाली पाहिले, गाभाऱ्याचा कोपरा न्‌ कोपरा झाडून घेतला. मग दाराला स्वतःच्या घरचे कुलूप लावले आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. आपले दोन गडी दाराशी बसवले. आता मुंगीसुद्धा आत जाणार नव्हती.

रविवारी उन्हे वर आली तसा गाव जमला. देशमुखांनी सर्वांदेखत कुलूप काढले. गाभारा होता तसाच होता. ते उंबऱ्याच्या आत एका बाजूला उभे राहिले, महाराज बाहेर कडुलिंबाखालीच बसून होते. सटवाजी घंटा घेऊन आत आला. देवापासून चार हातांवर तो थांबला, घंटा खाली ठेवली आणि हात जोडून म्हणाला,

"देवा, आजपतूर केलं. काय चुकलं आसंल तर लेकरू समजून पदरात घ्या. आता दुसरा कुणी यील. त्याला पाणी कोमट लागतं तुमास्नी, हे सांगून जातो."

एवढे म्हणून त्याने तिथेच जमिनीवर डोके टेकले.

आणि गाभाऱ्यात तडतड असा आवाज झाला. सुकलेली शेंग उन्हात फुटावी तसा. देवाच्या मस्तकापासून पायापर्यंत एक चीर गेली. सगळ्यांदेखत तो पिढ्यांचा शेंदूर दोन बाजूंना सुटला आणि हळूच, कुणी अंगरखा उतरवून ठेवावा तसा, देवाच्या पायांशी उतरला.

"देवानं कवच टाकलं," दारातला एक म्हातारा पुटपुटला. "माझ्या आज्यानं सांगितलं होतं. त्यानंबी ऐकलंच होतं."

आत काळ्या पाषाणाचा मारुती उभा होता. नाक, डोळे, छातीवरची माळ, सारे काल घडवल्यासारखे. खांद्यावरचा उंचवटा हात नव्हताच. ती शेपटीची वळी होती. देवाचे दोन्ही हात छातीशी जोडलेले होते.

देशमुख त्या हातांकडे पाहतच राहिले. मग त्यांची नजर खाली गेली. कवचाचा मोठा तुकडा त्यांच्या पायांपाशीच पडला होता, शेपटीच्या वळणाजवळचा. त्याच्या फुटक्या कडेत काहीतरी पिवळे चमकत होते.

पहिला विचार आला तो हाच, की ही यांनी आत खुपसली. पण कधी? कुलूप त्यांचे होते. किल्ली त्यांच्या कमरेला होती. गडी त्यांचे होते. काल पहाटेपासून सटवाच्या हातांवर नजर त्यांचीच होती, आणि आत्ता तो देवापासून चार हात लांब पालथा पडला होता. साऱ्या गावात या गोष्टीला त्यांच्याइतका पक्का साक्षीदार दुसरा नव्हता.

ते खाली बसले. तुकड्याच्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसत होते. वरून पातळ थर, त्यांनी नखाने एकेक मोजले. सात. सात शनिवारांचे सात, सटवाने लावलेले. त्यांच्याखाली एक जाड थर, बोटभर. त्या थरात चार बोटांचे ओरखडे होते, शेपटीच्या वळणात हात खोल घालून फिरवल्याचे. आणि त्या ओरखड्यांच्या शेवटी अंगठी रुतून बसली होती. असा बोटभर थर वर्षात एकच माणूस लावतो.

त्यांना आठवले, त्या दिवशी उंचवट्यामागच्या खोबणीत हात अडकला होता, तेलाने बुळबुळीत झाला होता. कोनाड्यात अंगठी ठेवल्याचे मात्र, कितीही आठवले तरी, त्यांना आता दिसेना.

महाराज दारात येऊन उभे राहिले होते. देशमुख तुकडा हातात घेऊन त्यांच्या पायांशी आले. "महाराज, ही अंगठी देवाला राहू द्या. मला नको."

महाराज म्हणाले, "देवाला अंगठीचं काय करायचं आहे? वडिलांची आहे, बोटात घाला, दोरा गुंडाळून घाला. एका गुरवासाठी देवाने पिढ्यांचं अंगावरचं उतरवून ठेवलं. तुम्ही फक्त मनात धरलेला चोर सोडा. एवढाच संन्यास तुमच्या वाट्याचा आहे."

देशमुखांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला हात पुढे केले, तर महाराज बाजूला झाले. समोर सटवाजी होता. तो नुकताच उठून बसला होता आणि काय झाले हे त्याला अजून नीट कळले नव्हते. तो देवाच्या जोडलेल्या हातांकडे पाहत होता.

साऱ्या गावादेखत नरसिंगराव देशमुख सटवाजी गुरवाच्या पायांवर वाकले. कपाळ टेकले आणि तसेच थांबले. ते वाट पाहत होते. हा आता बोलणार. सात आठवड्यांचे साठलेले बोलणार. राहीची रिकामी घागर काढणार. त्याच्या जागी मी असतो तर सोडले असते का? त्यांची पाठ ताठ झाली होती, जशी मार खाणाऱ्याची होते.

सटवाजीने गडबडीने त्यांचे खांदे धरले.

"उठा मालक, उठा. देव उघडा पडलाय. आदी त्याला पाणी आणाय पायजे, मग बाकीचं."

आणि तो घागरीकडे धावला. त्याच्या बोलण्यात दुसरे काही आहे का, ते देशमुखांनी सवयीने शोधून पाहिले. काहीच सापडले नाही. मग त्या भरल्या गाभाऱ्यात, हात जोडून उभ्या असलेल्या देवापुढे, त्यांना रडू फुटले, आणि त्यांचेही हात जोडले गेले.