पाठीला माती

“...आणि पडलो तर?”

भन्तेजी समोर बघत राहिले.

समोर विहाराच्या अंगणात, करंजाच्या झाडाखाली, गावातली म्हातारी माणसं रांगेनं उभी होती. कुणाचे गुडघे सुजलेले, कुणाच्या बोटांची पेरं वाकडी झालेली, कुणाला चार पावलं टाकायची तरी भिंतीचा आधार लागायचा. सगळी मिळून दोन्ही हात छातीपर्यंत सावकाश वर आणत होती आणि तितक्याच सावकाश खाली सोडत होती. मग एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर. घाई कुणालाच नव्हती.

या व्यायामाचं नाव छीगाँग. भन्तेजी तरुणपणी पूर्वेकडच्या एका मठात राहिले होते, तिथून ते हे शिकून आले होते. गावाच्या जिभेला ते नाव काही झेपलं नाही. गावानं त्याला ‘दमाचा व्यायाम’ म्हणायला सुरुवात केली आणि भन्तेजींनी ते नाव आनंदानं पत्करलं.

“म्या इचारलं, पडलो तर?” केरबा वस्ताद पुन्हा म्हणाले.

“पडाल,” भन्तेजी म्हणाले.

वस्तादांना हे उत्तर मुळीच आवडलं नाही.

आवडणार तरी कसं? केरबा म्हणजे नदीकाठच्या तालमीचे वस्ताद. उभ्या आयुष्यात त्यांच्या पाठीला कुणी माती लावली नव्हती. पाठ जमिनीला टेकली की कुस्ती गेली, हा आखाड्याचा कायदा. तो त्यांनी इतका अंगी मुरवून घेतला होता की घरी अंथरुणावरसुद्धा ते कुशीवरच झोपायचे. एकदा दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उताणे झोपा. वस्ताद म्हणाले, बसल्या बसल्या तपासा. लोक हसायचे, पण ते गेल्यावर. समोर आले की वाकून पायाला हात लावायचे. संधिवातानं पावलं सुजल्यापासून तो नमस्कारही वस्तादांना दुखायचा. पण तसं सांगणं त्यांना जमलं नाही.

आणि हा माणूस पडला होता.

घरातच, न्हाणीत पडला. गुडघ्यानं दगा दिला, पाय सरकला आणि वस्ताद ओल्या फरशीवर उताणे झाले. काही केल्या उठता येईना. भिंतीपलीकडच्या खोलीत त्यांची बायको हौसाबाई खाटेवर होती. लकव्यानं तिची डावी बाजू गेलेली. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, धरून ओसरीवर उन्हात नेणं, सगळं वस्ताद स्वतः करायचे आणि मनापासून करायचे.

धप्पकन आवाज झाला तशी तिनं हाक मारली. “आवं, काय झालं?”

वस्ताद गप्प राहिले.

तिनं पुन्हा हाक मारली. दुपारभर मारत राहिली. शेवटी ती आपली आपणच उठायला गेली आणि खाटेवरून खाली कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. दिवेलागणीला दूध घालायला आलेल्या बाईला दोघंही सापडली, दोन खोल्यांत, जमिनीवर.

“मला शुद्ध नव्हती,” असं वस्तादांनी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ते मानलं. वस्ताद खोटं बोलतील, हे कुणाच्या डोक्यातही येण्यासारखं नव्हतं.

फक्त भन्तेजींनी, वस्ताद आज अंगणात आल्या आल्या, विचारलं होतं, “शुद्ध होती ना?”

वस्तादांनी काठीचं टोक मातीत रोवलं होतं.

“...हुती.”

“मग ओ का नाही दिलीत?”

“उताणा पडलेला पैलवान तोंड उघडत न्हाई, भन्तेजी.”

त्यावर भन्तेजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला होता.

हौसाबाई ऑपरेशन होऊन घरी आली आणि मुलगी शालन इचलकरंजीहून आली. तिनं आईला कायमचं आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. “आबा, तुमचं तुमाला उभं ऱ्हाता येईना, आईला काय सांभाळणार?”

वस्तादांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तरी काकुळतीला येऊन मुदत मागितली. “डॉक्टर तिला पाय टेकू देईस्तवर थांब. म्या तिला धरून ओसरीवर नेऊन दावतो. न्हाई जमलं तर खुशाल घेऊन जा.”

हौसाबाई गेली तर घरात उरणार काय? खाट आणि वस्ताद. म्हणूनच ते काठी टेकत, वाटेत बसत उठत इथवर आले होते. ज्या विहाराकडे त्यांनी आजवर मान वळवूनही पाहिलं नव्हतं, त्याच्या अंगणात.

“उभे राहा,” भन्तेजी म्हणाले. “उजवा पाय रिकामा करा.”

“रिकामा म्हंजे?”

“वजन हळूहळू डाव्या पायावर जाऊ द्या. उजवा नुसता टेकलेला.”

वस्ताद उभे राहिले ते कुस्तीचा पवित्रा घेऊनच. पाय फाकलेले, मांड्या ताठ, पायाची बोटं जमिनीत रुतवलेली, दात आवळलेले. कपाळावर घाम आला. पाय काही रिकामा झाला नाही.

“श्वास सोडा, वस्ताद.”

“सोडला तर म्या जातो.”

“कुठं जाता?”

वस्तादांनी ओठ घट्ट मिटले. तोंड उघडलं असतं तर श्वास सुटला असता.

भन्तेजी जवळ आले. एक हात त्यांनी वस्तादांच्या पाठीमागे धरला आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं त्यांचा खांदा ढकलला, अगदी हलकेच... वस्ताद कपाट कलंडावं तसे कलंडले. मागचा हात होता म्हणून वाचले.

मग भन्तेजी रांगेतल्या तानूबाईकडे गेले. तानूबाईचे दोन्ही गुडघे दोन दिशांना वाकलेले. भन्तेजींनी तिलाही तसंच बोट लावलं. ती डुलली, मागे झुकली, पुढे आली आणि पुन्हा जागेवर उभी राहिली.

“ह्या वयात बाईमाणसाला ढकलताय व्हय!” ती म्हणाली आणि सगळी रांग हसली.

वस्ताद हसले नाहीत.

“ती का पडली न्हाई?”

“ती थोडी थोडी पडत असते,” भन्तेजी म्हणाले. “उद्या तुम्ही झोपून सुरुवात करा. इथं, मातीवर. पाठ टेकून.”

वस्तादांचा चेहरा काळवंडला.

“ते सोडून काय बी सांगा. म्हणाल तर अंगण झाडतो.”

“अंगण झाडलेलं आहे.”

“लाकडं फोडतो.”

भन्तेजी रांगेकडे वळले.

“ह्या म्हाताऱ्या बायकांम्होरं केरबा उताणा पडणार न्हाई,” वस्ताद म्हणाले. त्यांनी काठी उचलली आणि ते निघाले. भन्तेजींनी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वस्ताद आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत.

त्यांनी घरीच सुरू केलं. दाराची चौकट धरून उभं राहायचं. मग एक हात सोडायचा. मग दुसरा. गुडघ्यात कुणी सळई फिरवतंय असं व्हायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण वस्ताद हटले नाहीत. हौसाबाई खाटेवरून बघत असायची. ती फारसं बोलत नसे. वस्तादांना वाटायचं, दुखण्यानं बोलत नाही.

आणि त्यांना जमलं. खोटं कशाला सांगा, चांगलं जमलं. डॉक्टरांनी हौसाबाईला पाय टेकायला सांगितलं तोवर वस्ताद आधाराशिवाय उभे राहू लागले होते.

शालन भाड्याची गाडी घेऊन आली. अंगणात गाडी, दारात शालन. वस्ताद खाटेपाशी गेले.

“धर मला,” ते म्हणाले.

हौसाबाईनं उजवा हात त्यांच्या गळ्यात टाकला. त्यांनी तिच्या कमरेला विळखा घातला आणि दोघं उठली. वस्ताद हलले नाहीत, डगमगले नाहीत. एक पाऊल, थोडं थांबून आणखी एक. शालनचे डोळे भरून आले. “आबा, जमतंय की वो!”

ओसरीकडे जाताना न्हाणीचं दार लागतं. तिथं आल्यावर हौसाबाईनं तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

“त्या दिशी मला तुमचा दम ऐकू येत हुता.”

वस्ताद थांबले.

“भिंतीपल्याड. आत... बाहीर. आत... बाहीर. झोपलेल्याचा दम येगळा असतो. इतकी वर्सं शेजारी झोपले, मला कळत न्हाई व्हय? मला वाटलं, आता बोलत्याल. आता बोलत्याल.”

“हौसा...”

“म्या कुणाला बोलले न्हाई. शालीला बी न्हाई.” ती त्यांच्या खांद्यावर टेकली. “पर मला आता हितं ऱ्हायचं न्हाई. भ्या वाटतं.”

“पडायचं? आता न्हाई पडू देनार म्या तुला. ही बघ, उभी हायस की!”

“पडायचं न्हाई वो,” हौसाबाई म्हणाली. “पुन्यांदा हाक मारायचं.”

वाईट याचं वाटतं की वस्ताद तेव्हाही पडले नाहीत. गुडघे आवळून, दात आवळून ते खांबासारखे उभे राहिले. त्यांनी तिला ओसरीपर्यंत नेलं. ओसरीवरून खाली उतरवलं. गाडीचं दार शालननं उघडलं तेव्हा तिला काही समजेना, कारण आबा तर जिंकले होते. वस्तादांनी बायकोला स्वतःच्या हातानं आत बसवलं, लुगड्याचा काठ दारात अडकू नये म्हणून आत सारला आणि दार लावून घेतलं.

गाडी गेल्यावरही ते तसेच उभे होते. बराच वेळ. आता त्यांना उभं राहता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहाराच्या अंगणात आले. रांग उभी होती, हात सावकाश वर जात होते.

“उभा ऱ्हायलो, भन्तेजी,” वस्ताद म्हणाले. “ती गेली.”

भन्तेजींनी मान हलवली.

“तिला ठाव हुतं. पैल्यापासनं ठाव हुतं. रोज माझ्या हातनं चार घास खात हुती आन् तिला ठाव हुतं.”

वस्तादांनी काठी दोन्ही हातांनी धरली.

“जनमभर ही पाठ जपली म्या. कुणासाठी जपली? आखाड्यात आता कुत्रं फिरकत न्हाई.” वस्तादांचा आवाज फाटला. “तुमच्यापाशी काय औषध हाय का ह्याला? काय व्यायाम हाय?”

औषध असतं तर भन्तेजींनी दिलं असतं.

मग वस्तादांनी काठी बाजूला टाकली. एक हात जमिनीला लावला. दुसरा लावला. गुडघे टेकताना त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं, तशी तानूबाई धरायला पुढे झाली. भन्तेजींनी हात वर करून तिला थांबवलं.

वस्ताद आधी कुशीवर झाले. जन्माची सवय. तिथं ते अडले... रांगेतली सगळी माणसं हात छातीशी तसेच धरून बघत राहिली. कुणी हसलं नाही.

मग ते वळले.

पाठ मातीला लागली. माती गार होती. वर करंजाची पानं हलत होती आणि त्यांच्यामधून आभाळ दिसत होतं. न्हाणीत त्यांना छत दिसलं होतं, तेव्हाही ते असेच बघत पडले होते आणि भिंतीपलीकडून ती बोलावत होती. आज भिंत नव्हती. पलीकडे कुणी बोलावतही नव्हतं.

वस्तादांची छाती वर खाली होऊ लागली. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांत उतरलं.

“टेकली,” ते म्हणाले. “...आता?”

भन्तेजी त्यांच्या शेजारी खाली बसले. त्यांचेही गुडघे वाजले. इचलकरंजीकडे जाणारा रस्ता अंगणातून दिसायचा, तो या वेळी रिकामा होता. भन्तेजी त्या रस्त्याकडे थोडा वेळ बघत राहिले.

“आता हाक मारा.”