चिंबोरीने वाचलेला कडा

फार फार मागे, दर्याकाठच्या एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक चिंबोरी, म्हणजे समुद्री खेकडी, राहायची. कड्याचे थर न्याहाळायचा तिला भारी नाद. काळ्या खडकातून एक तांबडा थर आडवा गेला होता, पण मधल्या भेगेपाशी तो तुटून पलीकडे वीतभर खाली उतरला होता.

एके सकाळी तिने पाहिलं, तर तो दोन वीत खाली! भेगेपलीकडचा कडा सरकत होता, आणि तिथल्याच कपारीत पारव्यांचा अख्खा थवा राहत होता.

"काका, जागा सोडा," तिने म्हाताऱ्या पारव्याला हाक मारली. "कडा कोसळणार!"

"जन्मभर तिरपी चालणारी तू," पारवा घुमला, "तुला सरळ रेघ कशी दिसायची?" सगळा थवा फिदीफिदी हसला.

चिंबोरी खट्टू झाली, पण क्षणभरच. मग पारव्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती शेजारणीला म्हणाली, "भेगेअलीकडची कपार खानदानी पाखरांसाठीच हो! ह्यांना कुठली परवडायला?"

दुपारपर्यंत सगळे पारवे धक्काबुक्की करत अलीकडे राहायला आले.

तिसऱ्या दिवशी, ऐन भरतीला, पलीकडचा कडा धडाडधूम करून समुद्रात कोसळला. म्हातारा पारवा मान फुगवून म्हणाला, "पाहिलंत? आम्हाला आधीच कळलं होतं!"

"तर काय, काका! तुमची नजरच मोठी," चिंबोरी म्हणाली, आणि हसू आवरेना म्हणून घाईघाईने पाण्यात शिरली.